गड लढवायचा तर: पोकेमॉन स्पर्धेसाठी जगावेगळी बचावाची टीम

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही सोळा जणांनी पोकेमॉन शोडाउनवर, म्हणजे पोकेमॉनच्या लढती खेळायच्या साइटवर, स्पर्धा खेळली. बक्षीस काय, तर अर्धा किलो कंदी पेढे. पहिल्याच फेरीत माझ्यासमोर वाईहून आलेला दहावीतला पोरगा बसला. माझी टीम म्हणजे सहाच्या सहा भिंती, नुसता मार झेलत टिकणारे पोकेमॉन. मनात म्हटलं, पोराला चाळीस मिनिटं घासून काढायचं.

माझी ब्लिसी मैदानात असताना त्याने स्टील-घोस्ट टाइपचा घोल्डेंगो काढला. मी थंडर वेव्ह मारली, लागली नाही. सायस्मिक टॉस मारला, घोस्टला तोही लागला नाही. तोवर नॅस्टी प्लॉट करून त्याने आपली स्पेशल ताकद दुप्पट केली होती. पोरगा अगदी आदराने म्हणाला, "दादा, याला स्टेटस मूव्ह लागतच नाही ओ." (स्टेटस मूव्ह म्हणजे थेट मार न देणारी, थंडर वेव्हसारखी.) मग त्याने सायशॉक मारला. हल्ले फिजिकल आणि स्पेशल असे दोन प्रकारचे, दोन्हींना अडवणारा डिफेन्स वेगळा. ही मूव्ह स्पेशल असली तरी समोरच्याच्या साध्या डिफेन्सवर आदळते, आणि ब्लिसीचा मूळ डिफेन्स आहे १०. बाविसाव्या टर्नला मी हरलो. पेढे त्यानेच नेले, जाताना मला एक दिला.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. माझ्या टीमला टिकायचं कसं ते माहीत होतं, जिंकायचं कसं ते माहीत नव्हतं. खाली जी पद्धत देतोय ती त्यानंतर वर्षभर मोडत-जोडत बसवलेली आहे. ती मुख्यतः स्कार्लेट-व्हायोलेट या गेमच्या सिंगल्ससाठी (एका वेळी एकास एक) आहे, म्हणजे शोडाउनवर फोनच्या ब्राउझरमध्येही फुकट खेळता येतं ते. डबल्सचं थोडं शेवटी येईल.

आधी जिंकायची वाट ठरवा

साताऱ्याच्या माणसाला वेढा समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी तो एप्रिल १७०० पर्यंत लढवला. तट भक्कम होता, तरी शेवटी गड सोडावा लागला. या खेळातही तसंच होतं. बाहेरून कुमक येणार नसेल, तर नुसता तट कितीही जाड असो, वेळ वेढा घालणाऱ्याच्या बाजूने असते. आपल्या टीमने समोरच्याचं दर टर्नला काहीतरी झिजवलं पाहिजे.

झिजवायचे मार्ग मोजके आहेत. टॉक्सिकचं विष पहिल्या टर्नला एचपीचा (जीवशक्तीचा) १/१६ खातं, मग २/१६, ३/१६ असं वाढत जातं. बरं न केल्यास सहाव्या टर्नला खेळ खलास. समोरच्याकडे लेफ्टओव्हर्स (दर टर्नला १/१६ एचपी परत देणारी वस्तू) असेल तर बहुधा एक टर्न जास्त मिळतो. पण स्विच केलं की मोजणी पुन्हा एकपासून, आणि स्टील व पॉइझन टाइपना ते लागतच नाही. दुसरा मार्ग जमिनीवरचे सापळे: स्पाइक्सचा एक थर १/८, दोन १/६, तीन १/४. स्टेल्थ रॉक साध्या टाइपला १/८, रॉकला कच्चा असेल (म्हणजे रॉकचा मारा दुप्पट लागत असेल) तर १/४, दुप्पट कच्चा असेल तर थेट निम्मा एचपी. तिसरा मार्ग समोरच्याचे पीपी (एखादी मूव्ह किती वेळा मारता येते तो आकडा) संपवणं, त्याबद्दल पुढे.

माझी पसंती चौथ्या मार्गाला आहे. गार्गानॅकल नावाचा मिठाचा दगड असतो, त्याची सॉल्ट क्युअर ही मूव्ह. ती दर टर्नला १/८ खाते, पाणी आणि स्टील टाइपचं १/४. मुख्य म्हणजे ती स्टेटस मूव्ह नाही, हल्ला आहे. त्यामुळे समोरच्याने टाँट (स्टेटस मूव्ह बंद पाडणारी मूव्ह) मारला तरी ती चालते आणि घोल्डेंगोलाही लागते. तो स्टील असल्यामुळे उलट जास्तच झोंबते. वाईच्या पोराविरुद्ध माझ्याकडे हाच एक मिठाचा खडा असता तर पेढे घरी आले असते.

तिला तोडही आहे, तीही माहीत हवी. कव्हर्ट क्लोक ही वस्तू हातात असेल किंवा समोर सबस्टिट्यूट (मार झेलणारा पुतळा) उभा असेल तर मीठ लागत नाही. मॅजिक गार्डवाल्या (थेट हल्ल्याशिवाय कशानेही इजा न होणाऱ्या) क्लेफेबलला लागून उपयोग नाही. आणि ज्याला लागलं तो स्विच झाला की परिणाम जातो. म्हणून मिठाच्या जोडीला सापळे हवेतच: बसला तर मीठ खाईल, पळाला तर त्याच्या जागी येणारा दगडावर पाय ठेवील. हा कोंडमारा हेच आपलं जिंकणं.

एक विचित्र गडी घ्या, पण कामासाठी

जगावेगळी टीम म्हणजे सहा विचित्र पोकेमॉन नव्हेत. असं केलंत तर पहिल्या दहा टर्नमध्येच हसं होतं. विचित्र एक, फार तर दोन. बाकीचे सगळ्यांना माहीत असलेले, विश्वासातले.

विचित्र गड्याचा फायदा असा की समोरच्याने घोकलेलं गणित चुकतं. नेहमीच्या ब्लिसीला किती हल्ले लागतात ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. अव्हलगला किती लागतात हे बघायला त्याला थांबून विचार करावा लागतो.

अव्हलग हाच माझा गडी. बर्फाचा हा चपटा ठोकळा बहुतेकांच्या खिजगणतीत नसतो, कारण निव्वळ बर्फ टाइप बचावाला वाईटच. पण त्याचा मूळ डिफेन्स १८४ आहे, रिकव्हर (निम्मा एचपी परत देणारी मूव्ह) आहे आणि रॅपिड स्पिनही आहे, म्हणजे आपल्या बाजूचे सापळे तो झाडून काढतो. बॉडी प्रेस ही मूव्ह अटॅकऐवजी डिफेन्सवर मोजली जाते, त्यामुळे भिंतीचाच हातोडा होतो. स्टेल्थ रॉक त्याला १/४ खातो, म्हणून सापळ्यांपासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स घालायचेच. बुटांशिवाय अव्हलग आणू नका, मी आणून पाहिलाय.

आता यातली मेख. रॅपिड स्पिन नॉर्मल आणि बॉडी प्रेस फायटिंग, घोस्ट टाइपला दोन्ही लागत नाहीत. समोर घोस्ट आला की अव्हलगची झाडलोट थांबते. हे टीम बांधतानाच लिहून ठेवायचं, सामन्यात शोधून काढायचं नाही.

कच्च्या बाजू कागदावर मांडा

मी वहीचं पान घेतो. डावीकडे टाइप, वर सहा गडी, आणि जो ज्याला कच्चा तिथे फुली. फोनवर तयार तक्ते मिळतात, पण हाताने मांडलेलं डोक्यात बसतं.

गार्गानॅकल पाणी, गवत, फायटिंग, ग्राउंड आणि स्टीलला कच्चा. अव्हलग आग, फायटिंग, रॉक आणि स्टीलला. म्हणजे फायटिंग आणि स्टीलच्या रांगेत दोन-दोन फुल्या पडल्या. तिसरा गडी आवडीचा नको, ही दोन भोकं बुजवणारा हवा. टॉक्सापेक्स बसतो: फायटिंग, स्टील, पाणी, आग, सगळं अर्ध्यावर आणतो. वर त्याच्याकडे हेझ आहे, म्हणजे समोरच्याने चार टर्न घालवून चढवलेली ताकद एका फटक्यात शून्यावर.

टॉक्सापेक्स आला की ग्राउंड, वीज आणि सायकिकच्या फुल्या वाढतात. ग्राउंडला कॉर्व्हिनाइट, तो उडतोच. विजेला क्लॉडसायर, ग्राउंड टाइपला वीज लागत नाही. क्लॉडसायरची अनअवेअर ॲबिलिटी म्हणजे समोरच्याने कितीही नॅस्टी प्लॉट केले तरी हा ते मोजतच नाही. सायकिकला मात्र टॉक्सापेक्स आणि क्लॉडसायर दोघेही कच्चे, तिथे सेबलआय: अर्धा डार्क, त्यामुळे सायकिक शून्य.

सेबलआय हा दुसरा विचित्र गडी. अंगात काही नाही, मूळ एचपी ५०. पण प्रँकस्टरमुळे त्याच्या स्टेटस मूव्ह आधी चालतात. समोरचा वेगवान असला तरी टाँट, एन्कोर, विल-ओ-विस्प आधी याचंच. विल-ओ-विस्पने भाजलेल्याचा फिजिकल मारा निम्मा होतो. समोरच्याने स्पाइक्स टाकले आणि पुढच्या टर्नला तुम्ही एन्कोर मारला, तर तो बिचारा पुन्हा स्पाइक्सच टाकत बसतो. हे बघताना जी मजा येते ती कुठल्याच मोठ्या हल्ल्यात नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: डार्क टाइपवर प्रँकस्टरच्या अशा मूव्ह चालत नाहीत.

सहा झाले. आता पान पुन्हा तपासा. घोल्डेंगो आला तर? सायशॉक नसलेला असेल तर क्लॉडसायर, अर्थक्वेक त्याला दुप्पट लागतो. सायशॉक दिसला तर क्लॉडसायर ताबडतोब मागे, आणि गार्गानॅकलला टेरा (सामन्यात गड्याचा टाइप बदलायची सोय) देऊन पाणी टाइप करायचं. मग स्टीलचा मारा अर्धा होतो, त्याच्या प्युरिफाइंग सॉल्ट ॲबिलिटीमुळे घोस्टचाही अर्धा, आणि पाचाऐवजी दोनच कच्च्या बाजू उरतात, वीज आणि गवत. टेरा सामन्यात एकदाच मिळतं. मी ते शक्यतो गार्गानॅकलसाठीच राखून ठेवतो. घाईत दुसऱ्याला दिलं की पुढे हळहळत बसायची पाळी येते.

एक उणीव कबूल करतो. चॉइस स्पेक्स (स्पेशल मारा दीडपट करणारा चष्मा) घातलेला, दणकट स्पेशल मारा करणारा गडी आला तर या टीमला घाम फुटतो. ब्लिसी नसल्याची किंमत तिथे मोजावी लागते.

ईव्ही: पैसे कुठे लावायचे

ईव्ही म्हणजे एचपी, डिफेन्स, वेग अशा बाबींवर वाटून लावायचे जादा आकडे. एकूण ५१० ईव्ही, एका बाबीला जास्तीत जास्त २५२. शंभराव्या पातळीवर दर चार ईव्हींना एक गुण, म्हणजे पूर्ण २५२ लावले की ६३ गुण. हे ६३ सगळ्यांना सारखेच मिळतात, फायदा मात्र सारखा होत नाही. नवे खेळाडू इथेच चुकतात, म्हणून चॅन्सीचं उदाहरण घेऊ, ती या टीममध्ये नसली तरी.

चॅन्सीचा मूळ डिफेन्स ५. काहीच न लावता शंभराव्या पातळीवर तो ४६ होतो. २५२ लावले की १०९, दुपटीहून जास्त. बोल्ड नेचरने (डिफेन्स दहा टक्के वाढवणारा स्वभाव) ११९, आणि इव्हिओलाइट (डिफेन्स दीडपट करणारी वस्तू) हातात दिलं की १७८. तेच २५२ एचपीत लावले तर ६४१ चे ७०४ होतात, म्हणजे जेमतेम दहा टक्के वाढ. स्पेशल डिफेन्समध्ये २४६ चे ३०९, साधारण पंचवीस टक्के. फिजिकल मार अर्ध्यावर आणायचा असेल तर पहिले २५२ डिफेन्सलाच. जिथे कमी आहे तिथे लावलेला रुपया जास्त वाढतो.

अव्हलगला हा नियम लावायचा का? त्याचा स्पेशल डिफेन्स १२८, पूर्ण लावले तर १९१. टक्केवारीत वाढ भरघोस दिसते, पण १९१ सुद्धा फाटकंच. त्याचं काम फिजिकल मार खायचं आहे, तेच धड करू द्या: एचपी २५२, डिफेन्स २५२. गणित काम सोपं करतं, काम ठरवत नाही.

गार्गानॅकलला मी एचपी पूर्ण आणि उरलेलं बहुतेक स्पेशल डिफेन्सला देतो, कारण ब्लिसीची जागा अर्धीमुर्धी त्यालाच चालवायची आहे.

कॉर्व्हिनाइटला वेग नको. मुद्दाम मंद ठेवा. यू-टर्न (मारून लगेच मागे येणारी मूव्ह) शेवटी झाला तर समोरचा हल्ला कॉर्व्हिनाइट खातो आणि आत येणारा गडी कोरा करकरीत येतो.

कॅल्क्युलेटर कसा वाचायचा

डॅमेज कॅल्क्युलेटर उघडा, कोणता हल्ला किती एचपी खाईल ते तो सांगतो. जवळपास कोणताही हल्ला आपल्या कमाल माऱ्याच्या ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान, सोळापैकी एका आकड्यावर पडतो. बचाववाल्याने कायम वरचा आकडाच धरायचा.

बहुतेक जण म्हणतात, रिकव्हर निम्मा एचपी देतं, म्हणून पन्नास टक्क्यांच्या आतला हल्ला झेपतो. हे अर्धंच खरं. समजा तुमचा गडी स्टेल्थ रॉकवर पाय ठेवून आत आला, १२.५ टक्के गेले. येतानाच एक हल्ला खाल्ला. पुढच्या टर्नला तुम्ही रिकव्हर दाबलं, पण समोरचा तुमच्यापेक्षा वेगवान, म्हणजे दुसरा हल्ला आधी. दोन हल्ले आणि एक दगड. उरलेल्या ८७.५ चे दोन भाग केले की ४३.७५. मंद गड्याची खरी मर्यादा ही. लेफ्टओव्हर्स असेल तर मधे ६.२५ परत मिळतात आणि ती ४६.८ पर्यंत जाते. ४८ टक्के मारणाऱ्या हल्ल्यासमोर "झेपेल की" म्हणून मी किती गडी घालवले याचा हिशेब नाही.

बूट घालून आलात तर दगडाचे १२.५ वाचतात, पण बूट आणि लेफ्टओव्हर्स एकत्र मिळत नाहीत. नॉक ऑफ बसला की दोन्हीपैकी जे असेल ते जातं. म्हणून नॉक ऑफ कोणी खायचा हेही आधी ठरवा. माझ्याकडे ते कॉर्व्हिनाइटचं काम. त्याचं रॉकी हेल्मेट गेलं तरी घर चालतं, आणि जाता जाता मारणाऱ्याचा १/६ एचपी घेऊन जातं.

दाणागोटा, म्हणजे पीपी

स्कार्लेट-व्हायोलेटच्या पिढीत रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड या बरं करणाऱ्या मूव्हचे पीपी कापले. आधी जास्तीत जास्त १६ वेळा मारता यायचं, आता ८. शंभर टर्नच्या सामन्यात आठ रिकव्हर म्हणजे आठ पोती ज्वारी. पहिल्या दहा टर्नमध्ये चार संपवलीत तर पावसाळ्यात खाणार काय?

म्हणून फुकटचं बरं होणं शोधायचं. टॉक्सापेक्सच्या रिजनरेटरमुळे स्विच केलं की १/३ एचपी आपोआप परत. एचपी ७० टक्के असेल तर रिकव्हर दाबू नका, त्याला मागे घ्या, परत येईल तेव्हा पूर्ण असेल. माझं सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने झालं: बोट आपोआप रिकव्हरवर जायचं.

उलट समोरच्याचा दाणागोटा संपवायचा असेल तर कॉर्व्हिनाइटची प्रेशर ॲबिलिटी. त्याच्यावर मारलेल्या मूव्हचे दोन-दोन पीपी जातात. फायर ब्लास्ट, हायड्रो पंप, स्टोन एज यांचे जास्तीत जास्त आठच पीपी. समोरचा स्टोन एजवर अवलंबून असेल तर तो चार वेळा कॉर्व्हिनाइटवर काढून घ्या, की ती मूव्ह संपली. कोणती मूव्ह किती वेळा पडली याच्या रेघा मी वहीत ओढतो. बाजूला बसलेला मामेभाऊ कराडचा, तो म्हणतो, "तू खेळतोयस का उधारी मांडतोयस?" दोन्ही, रे.

सामन्यात

पहिले पाच-सहा टर्न काही जिंकायला जाऊ नका. समोरच्याचे सहा दिसतातच, त्यांच्या हातात काय आहे ते काढून घ्या. लेफ्टओव्हर्स टर्नच्या शेवटी दिसतं. दगडावर येऊनही काही लागलं नाही तर बूट. एकच मूव्ह दोनदा आली आणि तिसऱ्यांदा तीच मारण्याऐवजी तो पळाला, तर बहुधा चॉइस आयटम, म्हणजे एकाच मूव्हला बांधून ठेवणारी वस्तू.

मग मनाशी विचारा: यातला कोणता एक गडी मेला की माझा गार्गानॅकल निवांत बसेल? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. सगळा सामना त्या एकाभोवती फिरवायचा, बाकीच्यांना नुसतं थोपवायचं.

कोणाला मरू द्यायचं हेही बचावात येतं. चाळिसाव्या टर्नला समोरचे सगळे फिजिकल गडी संपले असतील, तर अव्हलगचं काम झालं. त्याला वाचवायला टॉक्सापेक्सने मार खायची गरज नाही. मला हे जड जातं, जीव लागतो. पण गेलेल्याच्या जागी पुढचा गडी मार न खाता आत येतो, आणि मोक्याच्या वेळी असा एक मोकळा टर्न रिकव्हरपेक्षा मोलाचा ठरतो.

थोडं सांसारिक. असा सामना चाळीस मिनिटं चालतो. पॉवर बँक लागतेच. पावसात लाइट गेली की वायफाय गेलं, आणि शोडाउनचा टायमर कोणासाठी थांबत नाही. मोबाइल डेटा चालू ठेवून बसा. आमच्या घरी गडाच्या पायथ्याला रेंज खिडकीत एका कोपऱ्यातच येते, महत्त्वाचे सामने मी तिथे उभ्याने खेळलोय. आजी दोनदा चहा ठेवून जाते आणि विचारते, "अजून तेच चाललंय?"

डबल्समध्ये काय बदलतं

अधिकृत स्पर्धा डबल्स (दोघांविरुद्ध दोघे) असतात: सहा आणायचे, चार निवडायचे, पन्नासावी पातळी. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये सामन्याला वीस मिनिटं, तुमच्या वाट्याला सात, एका टर्नला ४५ सेकंद. वर सांगितलेली घासाघीस तिथे चालत नाही, घड्याळच मारेल. मुद्दाम वेळ काढणं तर नियमातच बसत नाही. वेळ संपली तर ज्याचे गडी जास्त उरलेत तो जिंकतो, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

तिथे बचाव म्हणजे लक्ष वळवणं. २०१४ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.ला झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू आणला, म्हणजे विजेची खार. कोणी तिला स्पर्धेची समजत नव्हतं. फॉलो मी करून ती शेजारच्या गायराडॉसवरचे हल्ले स्वतःकडे ओढायची, नझलने समोरच्याला पॅरालाइज करायची, सुपर फँगने निम्मा एचपी उडवायची. वीज टाइपचे हल्ले तर तिला व्होल्ट ॲब्जॉर्बमुळे पचायचेच, आणि गायराडॉसला नेमकी विजेचीच भीती. तो जगज्जेता झाला. खार गोड दिसते म्हणून त्याने घेतली नव्हती. फॉलो मी करणारे नेहमीचे गडी तिच्यासारखी वीज गिळू शकत नव्हते.

डबल्ससाठी तुमचा विचित्र गडी निवडताना हेच बघा: त्याच्या शेजारी उभा असणाऱ्याला कशाची भीती आहे, आणि हा तीच गोष्ट खाऊ शकतो का.

सराव

नवीन टीम घेऊन पहिले तीस सामने लॅडरवर खेळा आणि रेटिंगकडे बघू नका. हरलेल्या प्रत्येक सामन्याचा रिप्ले साठवा, पण सगळा बघत बसू नका. ज्या टर्नला सामना हातातून गेला तेवढाच शोधा. तो जवळपास कधीच शेवटचा नसतो, दहा-बारा टर्न आधीचा असतो. माझ्या वहीत अशा टर्नसमोर एक शब्द लिहिलेला असतो: "घाई", "पीपी", "टेरा", "बूट". तीस सामन्यांनंतर कोणता शब्द जास्त वेळा आलाय ते मोजायचं आणि फक्त तेवढंच बदलायचं. दोन गडी एकदम बदललेत तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

माझ्या वहीत पहिल्या तीसमध्ये "पीपी" अकरा वेळा होतं. मग मी टॉक्सापेक्सच्या रिकव्हरपुढे फोनच्या कव्हरवर पेनने एक टिंब काढलं, बोट तिथे गेलं की थांबायला. टिंब पुसलं गेलंय, सवय राहिली आहे. वाईचा पोरगा आता अकरावीत आहे, पुढच्या महिन्यात परत येतोय. या वेळी पेढे मी आणायचेत, असं ठरलंय.